आकृती क्रमांक सतरा

अयोध्या नगर, भोपाळ
७ सप्टेंबर २०२५

ती. अरविंदमामा यांस
सा. न.

पत्र पाहून दचकू नका, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, कानातलं मशीन तुम्ही कपाटात ठेवून देता आणि मोबाइलवर आलेलं वाचणं तुम्हाला कमीपणाचं वाटतं. म्हणून हे नागपूरला पत्र. शिवाय जे विचारायचंय ते आईच्या कानावर जायला नको, आणि आमच्या घरात फोनवरचं बोलणं स्वयंपाकघरापर्यंत जातंच.

मामा, माझं डोकं फिरलंय. साकेत नगरला ज्या इस्पितळात मी फिजिओथेरपी करते, तिथल्या नर्सेसना संध्याकाळी मागच्या रस्त्याने बस स्टॉपवर जावं लागतं. जुलैमध्ये मानसी नावाच्या आमच्या नर्सची ओढणी दोघांनी मोटरसायकलवरून खेचली. ती वीस फूट फरफटली, दोन्ही कोपरं सोलून निघाली. पोलीस ठाण्यात तक्रार करायला गेलो तर तिथले साहेब चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले, "आप लोग ग्रुप में निकला करो न." म्हणजे ओढणाऱ्यांनी ओढावं आणि आम्ही मिरवणूक काढून घरी जावं.

म्हणून आमच्या वसाहतीच्या हॉलमध्ये दर रविवारी आम्ही आठजणी ज्युदो शिकायला लागलो. कोच सरांनी चार रविवार नुसत्या उड्या मारून घेतल्या आणि पाचव्या रविवारी त्यांची बदली झाली. आता हॉल आहे, मॅट आहेत, शिकवणारं कुणी नाही. इस्पितळाच्या मेट्रननी स्टाफरूमसाठी तीन पुस्तकं मंजूर केली आहेत. शाहपुऱ्यातल्या दुकानात गेले तर प्रत्येक मुखपृष्ठावर एक उघडा पुरुष विटा फोडतोय. आम्हाला विटा फोडायच्या नाहीत.

तुम्ही तीस वर्षं शाळेत ज्युदो शिकवलात. अगदी पहिल्यापासून शिकायचं तर कोणती पुस्तकं घ्यावीत? तीन नावं कळवा. आईला मात्र यातलं काही सांगू नका. तिला हा विषयच सोसत नाही. टीव्हीवर कुस्ती लागली तरी उठून आत जाते. भित्री आहे बिचारी.

तुमची
जुई


नागपूर
१४ सप्टेंबर २०२५

चि. जुई
अ. आ.

तुझं पत्र वाचून संताप आला. त्या दोघांचा आला, तुझ्या साहेबाचा आला आणि तुझाही आला. पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकलंय का? आठ मुली, मध्ये एक पुस्तक आणि भोवती मोडलेली हाडं, हे होणार. आधी माणूस शोध.

माणूस मिळेपर्यंत तुम्ही थांबणार नाही हेही मला दिसतंय. तू शोभाची मुलगी. तेव्हा नावं देत नाही, पारख सांगतो. नावं बदलतात, पारख बदलत नाही.

पहिल्या वीस पानांत पडायला शिकवत नसेल ते पुस्तक दुकानातच राहू दे. ज्याला पडता येत नाही त्याला पाडायला शिकवणारा मूर्ख असतो. मग चित्रं बघ. पाय दिसतात का? निम्मी पुस्तकं कंबरेपासून वरचीच चित्रं छापतात आणि ज्युदो तर सगळा पायात आहे. त्यानंतर पडणाऱ्याचं तोंड बघ. फेकणाऱ्याचं तोंड सगळेच छापतात, त्याला मिशा असतात. पडणाऱ्याचं तोंड दिसत असेल आणि ते शांत असेल, तर लिहिणाऱ्याने त्याची काळजी घेतली आहे असं समज.

आणि चाकूवाल्याच्या हातातला चाकू लाथेने उडवण्याचं चित्र ज्या पुस्तकात असेल, ते तिथल्या तिथे मिटव. ते लिहिणाऱ्यावर खुनाचा खटला भरायला हवा. चाकू दिसला की पळायचं. पळण्याबद्दल एक तरी पान असलेलं पुस्तक घे.

एक सांगून ठेवतो. मीही एक पुस्तक लिहिलं होतं, 'ज्युदोचे पहिले पाठ'. ते शोधू नकोस. जुनं झालं, मिळणारही नाही.

शोभाला काही सांगणार नाही.

तुझा
अरविंदमामा


भोपाळ
२८ सप्टेंबर २०२५

ती. मामा यांस
सा. न.

तुमच्या पारखीने शाहपुऱ्याच्या दुकानदाराला रडवलं. चौदा पुस्तकं काढायला लावली आणि बारा परत ठेवली. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, किताब ले रही हैं या रिश्ता देख रही हैं?" दोन घेतली. दोन्हींत पडणं पहिलं आहे आणि पाय दिसतात.

तिसरं मात्र तुमचंच मिळालं! आपल्या मराठी वाचनालयात, क्रीडा विभागाच्या सगळ्यात खालच्या फळीवर. शेवटचं कुणी नेलं त्याची तारीख १९९४. मामा, तुम्ही उगाच लाजता. ते तुमच्या सगळ्या परीक्षांना उतरतं. पहिली अठरा पानं नुसती पडण्यावर आहेत. पळण्यावर दोन पानं आहेत. आणि पडणाऱ्या मुलीचं तोंड अठ्ठेचाळीस चित्रांत अठ्ठेचाळीस वेळा दिसतं, तेही शांत. छपाई इतकी काळपट आहे की नाकडोळे नीट कळत नाहीत, पण ती घाबरलेली नाही एवढं नक्की कळतं. कोण होती ही? तिला शोधून सांगावंसं वाटतं, की बाई, तुझ्याकडे बघून भोपाळच्या आठजणी पडायला शिकल्या.

नवव्या पानावर तर मी हसलेच. "आधी पाय, मग हात, मग तोंड." हे आमच्या आईचं वाक्य! बसमध्ये चढताना, भाजीवाल्याशी भांडायला निघताना, दर वेळी ती हेच म्हणते. लहानपणी तुम्हीच तिला शिकवलेलं दिसतंय.

मी मराठीतून वाचते आणि मुलींना हिंदीत सांगते. पुढच्या महिन्यात फेकण्याचे डाव सुरू करतोय.

तुमची
जुई


नागपूर
६ ऑक्टोबर २०२५

चि. जुई
अ. आ.

शोधू नकोस म्हटलेलं शोधलंस. आता एवढं तरी ऐक. ते पुस्तक वाचनालयात परत कर. पडण्याचे धडे झाले, बास. फेकण्याचे डाव त्यातून शिकू नका.

कारण विचारू नकोस. मी सांगतो म्हणून.

ती मुलगी एक विद्यार्थिनी होती. नाव आठवत नाही. इतकी वर्षं झाली.

अरविंदमामा


भोपाळ
१८ ऑक्टोबर २०२५

मामा,

उद्या-परवा दिवाळी आहे, पण शुभेच्छा द्यायला माझ्याकडे शुभ काही उरलेलं नाही.

मानसीचा गुडघा गेला. गेल्या रविवारी मी ड्यूटीवर होते. तुम्ही सांगूनही मी परत न केलेलं तुमचं पुस्तक मुलींनी उघडं ठेवलं आणि आकृती क्रमांक सतरा बघून कमरेवरून फेकण्याचा डाव केला. मराठी मजकूर त्यांना कोण वाचून दाखवणार? चित्रात दिसलं तसं मानसीने केलं. टाच जमिनीत रोवली आणि वर कंबर फिरवली. सगळा पीळ गुडघ्यात गेला. ज्या मुलीला रस्त्यावर फरफटवलं, तिलाच आम्ही आमच्या मॅटवर लंगडं केलं. ती रडत नव्हती. "दीदी, किताब में तो ऐसे ही दिखाया है," एवढंच म्हणत होती.

घरी येऊन मी ते चित्र नीट पाहिलं. मामा, मी रोज गुडघे बघते. पोटासाठी बघते. त्या चित्रात तुमची टाच खिळ्याने ठोकल्यासारखी जमिनीला आहे, गुडघे ताठ आहेत, कंबर त्या मुलीच्या कमरेपेक्षा वर आहे. या अवस्थेत कुणी कुणाला फेकू शकत नाही. ती मुलगी फेकली गेलेलीच नाही. तिने स्वतः उडी मारली आहे. आणि खाली छापलंय, "चवड्यावर वळावे." मजकूर एक सांगतो, चित्र भलतंच सांगतं, आणि लोक चित्र बघतात.

मी पुस्तक समोर उघडं टाकून स्वयंपाकघरात बसले होते. आई शंकरपाळे कातत होती. तिने मान वाकडी करून पाहिलं आणि हात न थांबवता म्हणाली, "सतरा नंबर? तो पाय चुकलाच आहे. मी तेव्हाच सांगितलं होतं."

काही क्षण मला कळेचना की कोण बोललं. मग तिने हात धुतले, पदर खोचला, आणि ओट्यापुढे चवड्यावर अशी फिरली की मी मागे सरकले. बाबा पेपर हातात घेऊन दारात उभे. छत्तीस वर्षं आपण कुणाशी संसार केला ते त्यांना काल कळलं.

"नाव आठवत नाही." सख्ख्या बहिणीचं?

तिने सगळं सांगितलं. फोटोवाला दोन दिवस आला होता. पहिल्या दिवशी ती फेकत होती आणि तुम्ही पडत होता, कारण कॉलेजात शिकलेले डाव तिला येत होते. आजोबांनी फोटो पाहिले, म्हणाले, लग्नाची मुलगी पुरुषाला आपटतेय असं छापलं तर दारात स्थळ उभं राहील का? ते सगळे फोटो बंबात गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही फेकायला उभे राहिलात आणि तिला पडायला लावलंत. मुखपृष्ठावर तुमचं नाव. त्या पुस्तकावर तुम्हाला शाळेत नोकरी. आणि मला महिन्यापूर्वी पारख शिकवलीत, पडणाऱ्याचं तोंड बघ म्हणून!

मी तिला भित्री म्हणाले होते. त्याची लाज मला आयुष्यभर पुरेल. तुम्हाला कशाची वाटते का, ते कळवा.

जुई


नागपूर
३० ऑक्टोबर २०२५

जुई,

तुझं पत्र फाडायला घेतलं होतं, फाडलं नाही. मोठ्या माणसाला असं लिहायला तुला कुणी शिकवलं ते विचारत नाही. कळलंय मला कुणी शिकवलं ते.

तुला १९८७ साल माहीत नाही. अण्णांपुढे त्या घरात भिंतसुद्धा बोलत नसे. मी सत्तावीस वर्षांचा, बेकार, रोज त्यांच्या ताटातलं जेवणारा. ते म्हणाले अदलाबदल करा, आम्ही केली. मी काय करायला हवं होतं? आज पंख्याखाली बसून तुला सगळं सोपं दिसतं.

शोभाने एका शब्दाने तक्रार केली नाही. दरवर्षी राखी पाठवते, ओवाळणी घेते. तिला जे सलत नाही ते तू उकरून काढलंस.

आता उकरलंसच म्हणून सांगतो. वळताना माझी टाच उचलली जात नसे. शोभाने शंभरदा दाखवलं, नाही जमलं ते नाहीच. तीस वर्षं शाळेत मी तो डाव पुढच्या मुलाला करायला सांगायचो आणि स्वतः बाजूला उभा राहून ओरडायचो. कुणाला कळलं नाही. तुला ते पुस्तक शोधू नकोस म्हणालो ते याचसाठी. खाई त्याला खवखवे, म्हण तू.

मानसीच्या गुडघ्याचं वाईट वाटलं. खरंच वाटलं.

माझे जुने विद्यार्थी जानेवारीत पुस्तकाची नवी आवृत्ती काढताहेत, त्यांतला मंदार सगळं बघतोय. त्यात आकृती सतरा गाळायला सांगतो. आणि सुरुवातीच्या पानावर एक ओळ घालतो, "छायाचित्रांसाठी सहकार्य : सौ. शोभा." एवढ्यावर हा विषय संपवावा. शोभाला हे पत्र दाखवायची गरज नाही.

अरविंद


अयोध्या नगर, भोपाळ
९ नोव्हेंबर २०२५

दादा,

वर ती. लिहिलं नाही, सा. न. लिहिलं नाही. विसरून नव्हे.

तुझं पत्र मी वाचलं. जुई देत नव्हती, मी मागून घेतलं. मला जे सलत नाही ते तिने उकरलं म्हणतोस. मला काय सलतं ते तू कधी विचारलंस? राखी पाठवते कारण तू भाऊ आहेस. राखी म्हणजे पावती नव्हे.

तक्रार केली नाही म्हणे. कुणाकडे करायची होती? अण्णांकडे की तुझ्याकडे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दुसऱ्या दिवशी मॅट परत गेल्या होत्या, आठवतं? फोटोवाल्याला घाई होती. सतरंजीवर अठ्ठेचाळीस वेळा पडले मी. एकही डाव तुला येत नव्हता, म्हणून प्रत्येक वेळी मलाच उडी मारावी लागली. पुढच्या गुरुवारी मला बघायला पाहुणे आले. पोह्यांच्या बशा नेताना माझी कंबर वाकडी होत होती. त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं, मुलगी लंगडते का? तू म्हणालास, जिन्यावरून पडली. अण्णा गप्प बसले, ते मी सोडून दिलं. तू बोललास ते सोडलेलं नाही.

आणि "सहकार्य"? दादा, मी सांगत गेले आणि तू लिहीत गेलास. माझ्या बी.ए.च्या वहीची मागची पानं वापरलीस. नवव्या पानावरचं वाक्य माझं आहे, पडण्याची अठरा पानं माझी आहेत, पळण्याची दोन पानं तर तू नको म्हणत असताना घालायला लावली. ते पुस्तक चांगलं आहे. मी परवा सगळं वाचून काढलं. अडतीस वर्षांनी पहिल्यांदा वाचलं, आणि मला फार अभिमान वाटला, आणि मग इतका राग आला की मी भांडी आपटली. यांनी विचारलं काय झालं. म्हटलं, काही नाही, आपलं पुस्तक वाचतेय.

जुईला वाटत होतं की मी कुस्ती बघून घाबरते. मी घाबरत नव्हते रे. बघवत नसे. अंगाला सगळं आठवायचं आणि हातात लाटणं असायचं.

मात्र एक गोष्ट तुझ्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. मी उडी मारली म्हणून तुझी फेक खरी दिसली. ते चित्र खोटं आहे आणि त्यातली निम्मी लबाडी माझी आहे. मानसीचा गुडघा मी पाहून आले. पट्टा बांधलाय, दोन महिने तरी लागतील. ती मला म्हणाली, "आंटी, उस फोटोवाली लड़की आप हैं? आपको लगा नहीं था?" मला लागलं होतं का, हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मी घरी येऊन रडले.

तर आता विषय कसा संपायचा ते मी सांगते.

तीन रविवार झाले, हॉलवर मी शिकवतेय. वय एकोणसाठ, साडीखाली जुईची ट्रॅकपँट. पहिल्या दिवशी जुई म्हणाली, आई, जपून. तिला मी जपूनच टाकलं. मानसी खुर्चीत बसून आकडे मोजते आणि कुणाची टाच खाली राहिली की ओरडते. आता तिला सगळ्यांच्या टाचा दिसतात.

नव्या आवृत्तीतून सतरा नंबर गाळायचा नाही. गाळलास तर चूक झाली होती हे कुणाला कळणार? तिथे नवं चित्र येईल आणि खाली लिहिलेलं असेल, की आधीच्या आवृत्तीतलं चित्र चुकीचं होतं, ते बघून शिकणाऱ्यांची आम्ही दोघं माफी मागतो. मुखपृष्ठावर नाव माझं. तुझं नाव सहकार्यात घाल, तिथे जागा आहे. हे मान्य नसेल तर पुस्तक छापू नकोस. मंदारचा पत्ता जुईने शोधून काढला आहे आणि मला पत्र लिहिता येतं हे तुला आता कळलंच आहे.

रविवार, २३ नोव्हेंबरला भोपाळला ये. मंदारला कॅमेरा घेऊन बरोबर आण. अठ्ठेचाळीस चित्रं नव्याने काढायची आहेत. तुझं वय झालंय, पाठ दुखते, ठाऊक आहे मला. सत्तेचाळीस चित्रांत जुई पडेल. सतराव्यात मात्र तूच पडायचंस.

मॅट जाड आहेत. मी हळूच टाकीन. पडायचं कसं ते मी तुला शिकवलंय, पुस्तकातही पहिल्या अठरा पानांत आहे, गाडीत वाचत ये.

आणि पडताना तोंड कॅमेऱ्याकडे ठेव. मी अठ्ठेचाळीस वेळा ठेवलं होतं.

शोभा